ताती मालं, पललं

"कुणी मारलं तुला?" मी परत विचारलं.

केतकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फतकल घालून बसली होती. रडून रडून नाक लालबुंद झालेलं. उजवा हात डोक्यामागे, मानेच्या जरा वर, जिथं तिची चिमूटभर पोनी बांधलेली असायची तिथं घट्ट धरलेला.

"ताती," ती म्हणाली. "ताती मालं. पललं."

ताती म्हणजे काकी, एवढं मला कळत होतं. तिला क यायचा नाही, त्याचा त व्हायचा. स्वतःचं नावही ती तेतती असंच सांगायची.

"काकीनं मारलं?"

"नाही!"

"मग कुणी मारलं?"

"ताती मालं!"

"म्हणजे काकीनंच मारलं ना?"

"नाही! मालं! मालं!" तिनं टाचा जमिनीवर आपटल्या.

"आणि तू पडलीस?"

"नाही! पललं!"

मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले. हो म्हणत होती की नाही म्हणत होती, तेच समजेना. विचारलं की नाही म्हणायची आणि लगेच तेच पुन्हा सांगायची. मी तिचा हात हळूच बाजूला केला. केसांच्या मुळाशी बोटाच्या पेराएवढा लाल ओरखडा होता. ताजा.



आमची केतकी तेव्हा चार वर्षं तीन महिन्यांची होती. आम्ही मिरजेला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मोहन, माझा नवरा, मालगाडीवर गार्ड होता. दोन दिवस घरी, तीन दिवस बाहेर. मी पंचायत समितीत क्लार्क होते. केतकीला दिवसभर मगदूमकाकी सांभाळायच्या. काकी पन्नाशीच्या, एकट्या. ब्राह्मणपुरीत दोन खोल्या घेऊन राहायच्या आणि नोकरी करणाऱ्या बायकांची दोन-तीन मुलं ठेवून घ्यायच्या.

केतकीला ऐकू उत्तम यायचं. सांगितलेलं सगळं कळायचं. बोलायचं म्हटलं की मात्र एकेक सुटा शब्द, आणि तोही ओळखू न येणारा. माझी सासू म्हणायची, बोलेल, मोहन पण उशिराच बोलला. डॉक्टर म्हणायचे, थांबा अजून. शेजारीपाजारी काही म्हणायचे नाहीत, फक्त ती बोलायला लागली की माझ्या तोंडाकडे बघायचे. मग मी हसून काहीतरी अर्थ सांगायचे. बऱ्याचदा तो माझ्या मनाचाच असायचा.

काकींचं तसं नव्हतं. संध्याकाळी न्यायला गेले की त्या दारातच सुरू करायच्या, "आज केतकी काय म्हणाली ऐका की. मांजरीनं पिल्लं दुसरीकडं नेली म्हणती. एक पिल्लू विसरलं म्हणती." मी चपला घालता घालता मान डोलवायचे. मनात यायचं, दोन शब्द जोडता न येणारी माझी मुलगी या बाईला एवढी गोष्ट कशी सांगते? काकी बनवून सांगत असणार. एकटीच राहते, हौस असेल.

आणि आज, त्या डिसेंबरातल्या गुरुवारी, केतकीनं मला काहीतरी सांगितलं होतं. कुणी केलं, काय केलं, मग काय झालं. आयुष्यात पहिल्यांदा घडलेली गोष्ट तिनं आपल्या तोंडानं आईला सांगितली होती, आणि ती अशी होती.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली. काकींकडून निघताना ती रडत नव्हती. थंडी म्हणून काकींनी तिला स्कार्फ बांधून दिला होता. लुनावर माझ्यापुढं उभी राहून ती नेहमीसारखी हॉर्नच्या बटणाशी खेळत होती. अर्ध्या वाटेवर, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, वाऱ्यानं स्कार्फ सुटला, आणि मग एकाएकी तिनं भोकाड पसरलं. मागं वळून वळून रस्त्याकडे हात करत राहिली. भूक लागली असेल म्हणून मी लुना थांबवली नाही. काकींनी मारलं असेल तर रडू इतक्या उशिरा कसं आलं? मग वाटलं, काकींसमोर रडायची भीती वाटली असेल. लांब आल्यावर धीर झाला.

रात्रभर मी हेच उलटसुलट करत राहिले.

सकाळी मोहन ड्यूटीवरून आला. मी त्याला ओरखडा दाखवला.

"काकी मारतील असं वाटत नाही गं," तो बूट काढत म्हणाला.

"मग पोर खोटं बोलते का?"

"तसं नाही. पण नीट विचारलंस का?"

"दहा वेळा विचारलं. तूच विचार."

त्यानं केतकीला मांडीवर घेतलं. "काकीनं मारलं बाळाला?"

केतकीनं त्याच्या शर्टाची गुंडी ओढली आणि वैतागून म्हणाली, "नाही! ताती मालं."

मोहननं माझ्याकडे बघितलं. "ही नाही म्हणतेय."

"पुढं काय म्हणाली ते ऐकलंस ना? घाबरलीय ती. आधी नाही म्हणते आणि मग तोंडातून खरं बाहेर पडतं."

"मला काहीच कळत नाही, शैला," तो म्हणाला. "तूच बघ काय ते."

केतकीला त्याच्यापाशी ठेवून मी एकटीच निघाले.

काकी ओट्यापाशी ताक घुसळत होत्या. पाटणेबाईंचा मुलगा कोपऱ्यात ठोकळे मांडत बसला होता. पाटणेबाई म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. त्याही नुकत्याच त्याला सोडायला आल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या जाण्याची वाट बघायला हवी होती. बघितली नाही.

"काकी, काल तुम्ही केतकीवर हात टाकलात?"

रवी थांबली. "काय म्हणालात?"

"मारलंत का तिला?"

"मी? पोराला? काय बोलता वो बाई!"

"तिच्या मानेवर ओरखडा आहे."

काकी जरा विचारात पडल्या. "पिन लागली असंल. केस बांधताना हलत हुती लई."

मला ते सारवासारव वाटलं. "काकी, तिनं स्वतः सांगितलंय मला. तुमचं नाव घेऊन."

पाटणेबाईंनी मुलाला जवळ ओढलं. ते काकींनी पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"पोरगीला आणा इथं," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर बोलू द्या तिला. ती काय म्हणती ते मी सांगते तुम्हाला."

"तुम्ही सांगणार?" माझा आवाज चढला. "माझी मुलगी काय बोलते ते तुम्ही मला सांगणार? मी आई आहे तिची!"

काकींनी हात पदराला पुसले, आत गेल्या आणि केतकीची पिशवी घेऊन आल्या. तीत तिचा पेला होता, दोन फ्रॉक, एक बाहुली. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "स्वेटर दोरीवर वाळत घातलाय. तेवढा घ्या."

मी दोरीवरून स्वेटर ओढला आणि जिना उतरले. पाटणेबाई मुलाला घेऊन माझ्या मागोमाग उतरल्या.

पुढच्या आठवड्यात केतकीला मी एका पाळणाघरात घातलं. तिथं ती गप्प झाली. म्हणजे अगदीच गप्प. ताती, तेतती, दूद, सगळे शब्द आटले. काही हवं असलं की बोट दाखवायची, नाहीतर माझं मनगट धरून ओढत न्यायची. मला वाटलं, माराची धास्ती बसलीय. मोहन म्हणाला, काकींची आठवण येत असेल. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. काकींकडची सगळीच मुलं बंद झाल्याचं महिन्याभरानं भाजीबाजारात कळलं. त्यांनी खोल्या सोडल्या होत्या आणि म्हैसाळच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीत, भावाच्या गावी राहायला गेल्या होत्या. ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं आणि का कोण जाणे, भीतीही वाटली. भीती कसली ते मी शोधायला गेले नाही.

सांगलीला एका दवाखान्यात दर शनिवारी पुण्याहून सामंतबाई यायच्या. मुलांच्या बोलण्यावर उपचार करायच्या. फेब्रुवारीत आमचा नंबर लागला. खोलीत एक बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, चित्रांचे पत्ते. सामंतबाई तिशीच्या होत्या. त्यांनी केतकीला काहीच विचारलं नाही. स्वतःशीच खेळल्यासारखं एकेक पत्ता मांडत राहिल्या. मी भिंतीशी बसून घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. केतकीनं तोंड उघडलं नाही.

मग खाली पडलेला एक पत्ता उचलायला सामंतबाई वाकल्या. त्यांच्या अंबाड्यात एक पिवळी शेवंती होती.

केतकी खुर्चीवरून उतरली. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. बोट करून म्हणाली, "मालं."

दोन महिन्यांनी तिचा आवाज ऐकून मी ताडकन उठले. पण शब्द तोच होता.

सामंतबाई मात्र सहज म्हणाल्या, "हो, माळलंय मी. छान आहे ना?"

"मालं," केतकी मान डोलवत म्हणाली. तिचा चेहरा असा काही उजळला, जणू कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला घरात घेतलं होतं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"फूल माळलं, असं म्हणतेय. ळ येत नाही तिला. र आणि ड पण नाही. तिन्हीचा ल करते, तुमच्या लक्षात आलं असेलच."

माझ्या लक्षात आलं नव्हतं. चार वर्षांत आलं नव्हतं.

केतकीनं आता आपला उजवा हात डोक्यामागे नेला, मानेच्या जरा वर. "ताती मालं," ती सामंतबाईंना सांगू लागली. "पललं."

"ताती कोण? काकी का?" सामंतबाईंनी विचारलं. केतकीनं जोरात होकार दिला. "काकीनं फूल माळलं होतं तुला? आणि पडलं? अरेरे. कुठं पडलं?"

केतकीनं माझ्याकडे बोट केलं.

फाटकाअलीकडे सुटलेला स्कार्फ मला आठवला; मी लुना थांबवली नव्हती. सामंतबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. पाणी पिऊन झाल्यावर मी त्यांना एकच विचारलं, "मी 'मारलं का' म्हटलं की ती नाही म्हणायची, आणि पुन्हा तेच म्हणायची. असं का?"

"तिच्या कानाला फरक कळतो," त्या म्हणाल्या. "तोंडाला जमत नाही. आपण माळलं म्हणतोय असंच तिला वाटतं. तुम्ही मारलं म्हणालात की ती चूक दुरुस्त करत होती. बिचारी चिडत असेल ना खूप?"

रविवारी मी केतकीला घेऊन म्हैसाळच्या गाडीत बसले. पुढं जीप केली. मोहनला बरोबर येऊ दिलं नाही.

काकींच्या भावाचं घर गावाच्या कडेला होतं. उसाचा हंगाम चालू होता. अंगणात एक रिकामी बैलगाडी सोडलेली, पलीकडे बैल रवंथ करत बसलेले. काकी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. केतकी दारातून पळत सुटली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन आदळली. सूप कलंडलं, तांदूळ ओसरीभर झाले. काकींनी दोन्ही हात वर उचलले. त्यांनी तिला कवळलं नाही. हात तसेच हवेत धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"घ्या ना तिला, काकी," मी म्हणाले.

मग त्यांनी घेतलं.

भावजयीनं चहा आणून दिला आणि ती आत गेली.  शेवटी कसंबसं म्हणाले, "काकी, चुकलं माझं. फार मोठं चुकलं. ती फूल माळलं म्हणत होती, आणि मी..."

"काय म्हणाली हुती? जसंच्या तसं म्हणून दाखवा."

"ताती मालं, पललं."

काकींनी डोळे मिटले. "खिडकीतली शेवंती," त्या म्हणाल्या. "देवाला काढली हुती. हट्टच धरला तिनं. पिनेनं बसवून दिली. स्कार्फ बांधताना म्हटलं, घरी गेल्यावर आईला दाखव." थोडा वेळ त्या केतकीचे तळवे चोळत राहिल्या. "एवढंच त्या दिवशी मला म्हणून दाखवलं असतं तर! मी म्हटलं हुतं, तिला आणा."

"हो."

"का नाही आणलं?"

मी चहाच्या कपात बघत बसले.

"मी सांगू?" काकींचा आवाज शांत होता. "मी रोज सांगायची, आज ही असं म्हणाली, तसं म्हणाली. तुम्हाला ते खरं वाटायचं नाही. तुमच्या तोंडावर दिसायचं. आणि खरं वाटलं असतं, तर आणखीनच लागलं असतं तुम्हाला. मला कळत हुतं ते. तरी मी सांगायची. माझं पण चुकलंच."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण हे त्यांना सांगायलाही मला जमलं नाही. मी रडायला लागले. त्या उठल्या नाहीत, समजूतही घातली नाही.

"परत या, काकी," मी म्हणाले. "पाटणेबाईंना मी सगळं सांगते. घरोघर जाऊन सांगते. तुमच्या खोल्या मी बघते."

"सांगा. पाटणेबाईंना जरूर सांगा." त्या थांबल्या. "पण माझ्याच्यानं आता नाही व्हायचं. भावाची नात हाय घरात. तिची वेणीसुद्धा मी घालत नाही. कंगवा हातात घेतला की वाटतं, लागलं तर काय म्हणंल, आणि कोण काय ऐकंल."



पाटणेबाईंकडे मी दुसऱ्याच दिवशी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, बरं झालं सांगितलंत म्हणाल्या, पण त्यांच्या मनातलं सगळं गेलं असं मला वाटलं नाही. सामंतबाईंकडे केतकी तीन वर्षं जात होती. आज ती बत्तीस वर्षांची आहे आणि फोनवर इतकं भरभर बोलते की मीच तिला हळू बोल म्हणते. तिला काकी आठवत नाहीत. शेवंतीही आठवत नाही. हे मी तिला एकदाच सांगितलं, तिच्या लग्नाच्या आधी.  ऐकून ती म्हणाली, "त्या अजून आहेत का गं?" काकी त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. निघायची वेळ झाली. काकी अंगणापर्यंत आल्या. केतकी त्यांच्या लुगड्याचा काठ धरून उभी होती. एकाएकी तिनं मान वर केली आणि काहीतरी म्हणाली. लांबलचक, पाच-सहा शब्दांचं, सगळे त आणि ल एकमेकांत गुंतलेले. काकी हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

काकींनी माझ्याकडे बघितलं. "तिलाच विचारा की."

मी केतकीपुढं मातीत उकिडवी बसले. इतकी वर्षं मी हं हं म्हणत आले होते, मान डोलवत आले होते. आता म्हणाले, "मला कळलं नाही, बाळा. परत सांग."

तिनं परत सांगितलं. मला नाही कळलं.

"अजून एकदा."

तिनं जरा हळू सांगितलं. एक शब्द हाती लागल्यासारखा वाटला आणि निसटला. ती चिडेल म्हणून मी धास्तावले होते. पण ती चिडली नाही. माझ्या तोंडाकडे नीट बघत, एखाद्या ढ मुलाला शिकवावं तशी ती चौथ्यांदा म्हणाली, "दालीवल. आई, तेतती दालीवल."

"गाडीवर?" मी म्हणाले. "केतकीला गाडीवर बसायचंय?"

केतकीनं सुटल्यासारखा लांब श्वास सोडला आणि हात वर केले.

मी तिला उचलून बैलगाडीच्या साट्यावर बसवलं. बैल सोडलेलेच होते. गाडी कुठंच जाणार नव्हती. तरी ती ताठ बसून राहिली, आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी तिला धरून उभ्या होतो.